पडद्याच्या कारखान्याआधी रेणू

मे महिन्यात विदर्भातल्या कुठल्याही शहरात दुपारी रस्त्यावर उभे राहिले, की दुचाकीच्या हँडलला फोन अडकवून फिरणारी डिलिव्हरीची मुले दिसतात. उन्हात दिसत नाही म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला, नकाशा सकाळपासून उघडा आणि हवेचे तापमान 45 अंशांच्या आसपास. प्रखर उजेड आणि उष्णता या दोन गोष्टी ओएलईडी पडद्याला, म्हणजे विजेने स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या पडद्याला, फार बाधतात, आणि इथे त्या दोन्ही एकत्र येतात. अशा फोनवर काही काळाने कोरे पांढरे पान उघडले, तर नकाशाच्या ॲपमधल्या पट्ट्यांचे फिकट ठसे कायमचे उमटलेले दिसू शकतात. म्हणून जुना फोन घेताना जाणकार माणूस आधी पडदाभर पांढरा किंवा राखाडी रंग लावून बघतो आणि ठसा दिसला की भाव पाडून मागतो. ज्याचे पोट त्या फोनवर आहे, त्याला नवा पडदा टाकायचा तर फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा मोजावा लागतो.

पडद्यावरचे काही ठिपके शेजारच्या ठिपक्यांपेक्षा लवकर थकले की असा ठसा उमटतो. त्यातही सर्वांत आधी थकतात ते निळे. फोनच्या कॅमेऱ्याला लावायचे साधे मॅक्रो भिंग घेऊन दुसऱ्या फोनचा पांढरा पडदा पाहावा. पांढरे असे तिथे काहीच नसते. लाल, हिरवे आणि निळे ठिपके वेगवेगळे दिसतात, आणि बऱ्याच फोनमध्ये निळे ठिपके हिरव्यांपेक्षा ठळकपणे मोठे असतात. ठिपका मोठा ठेवला की तेवढाच उजेड मिळवायला त्याच्या प्रत्येक भागातून कमी वीज न्यावी लागते आणि तो थोडा जास्त टिकतो. म्हणजे रसायनशास्त्राला जे साधले नाही, ते अभियंत्यांनी ठिपक्याचा आकार वाढवून सांभाळून घेतले आहे.

भारतात पडद्यांची चर्चा होते ती कारखान्यांच्या अंगाने. कोणत्या राज्यात येणार, किती हजार कोटींचा, किती जणांना नोकऱ्या देणार. माझे म्हणणे असे की ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. पडदा किती वीज खाणार आणि किती वर्षे टिकणार हे त्यातले सेंद्रिय रेणू ठरवतात. सार्वजनिक पैसा या क्षेत्रात घालायचाच असेल, तर तो आधी या रेणूंवर, त्यांच्या शुद्धीकरणावर आणि त्यांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांवर घालावा. आणि हे काम उभे करायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी महाराष्ट्रात आजच आहेत.

या तंत्राची सुरुवात पाहिली तरी रसायनशास्त्राचा हात दिसतो. 1963 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीन या सेंद्रिय पदार्थाच्या स्फटिकातून विजेच्या साह्याने उजेड काढला होता, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत. 1987 मध्ये ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिशय पातळ थर एकावर एक चढवले आणि 10 व्होल्टांच्या आत चांगला लखलखीत हिरवा उजेड मिळवला. त्यातला उजेड देणारा पदार्थ आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांनी हाताळलेला आहे. ॲल्युमिनियमचे वजनी मापन करताना द्रावणात ऑक्झीन हे सेंद्रिय अभिकारक घालतात, पिवळसर-हिरवा साका खाली बसतो, तो गाळून, वाळवून, वजन करून जर्नलमध्ये आकडा लिहिला की प्रयोग संपतो. टँग यांच्या साधनात उजेड देत होता तो हाच पदार्थ, अत्यंत शुद्ध करून निर्वातात काचेवर चढवलेला. जगातल्या कितीतरी महाविद्यालयांत तो साका बाटलीत पडून होता. कोडॅकमध्ये त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले.

टँग यांच्या साधनाची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास होती. ती वाढवताना पुंजयांत्रिकीचा एक नियम आडवा आला. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने धनभार येतात, मधल्या थरात ते भेटतात आणि एक उत्तेजित अवस्था तयार होते. अशा दर चार अवस्थांपैकी सरासरी एकच साध्या सेंद्रिय रेणूतून उजेड म्हणून बाहेर येऊ शकते. उरलेल्या तीन उष्णता होऊन वाया जातात. चारातल्या तीन वाया म्हणजे वीज तर गेलीच, वर ती उष्णता थरांना आतून शेकत राहिली. 1998 मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूच्या मध्यभागी प्लॅटिनमसारखा जड धातू बसवून त्या तीन वाया जाणाऱ्या अवस्थांनाही उजेडाची वाट मोकळी करून दिली. पुढच्याच वर्षी इरिडियमचे रेणू आले. आज फोनमधला लाल आणि हिरवा उजेड याच मार्गाने येतो, आणि थराच्या आत तयार होणाऱ्या उजेडापुरते पाहिले तर त्यांची कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के आहे.

निळा मात्र मागे राहिला. 1998 पासून इतकी वर्षे जगातले उत्तम रसायनशास्त्रज्ञ त्यामागे आहेत आणि तरीही बाजारातल्या पडद्यांत निळ्यासाठी मुख्यतः जुन्या, कमी कार्यक्षमतेच्या पद्धतीचाच आधार घ्यावा लागला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निळ्या प्रकाशाचा एक कण साधारण 2.7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणुरेणूंची ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जेचा असतो. तो बाहेर काढायचा तर रेणूला त्याहून थोड्या वरच्या पातळीवर उचलावे लागते, आणि ज्या पदार्थात हे रेणू मिसळलेले असतात त्या यजमान पदार्थाची पातळी आणखी वर, 3 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते. सेंद्रिय रेणूंमधले कार्बन-नायट्रोजनसारखे काही बंध तुटायला लागणारी ऊर्जा याच्या फार दूर नाही. म्हणजे निळा रेणू प्रत्येक वेळी उजळताना स्वतः मोडण्याच्या जवळ जाऊन येतो. इरिडियमच्या रेणूत ही उत्तेजित अवस्था मायक्रोसेकंदभर टिकते. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो, पण रेणूंच्या जगात तो फार लांबलचक आहे. तेवढ्यात शेजारून दुसरी उत्तेजित अवस्था किंवा एखादा भार आला, तर एकाची सगळी ऊर्जा दुसऱ्याच्या अंगावर पडते. दुप्पट ऊर्जा अंगावर आलेला तो रेणू मग खरोखरच तुटतो. आणि तुटलेला तुकडा नुसता मेलेला राहत नाही, तो आजूबाजूच्या धडधाकट रेणूंचा उजेडही गिळत राहतो. म्हणून थोडे रेणू बिघडले तरी ठिपका बराच मंदावतो. फॉरेस्ट यांच्याच गटाने 2008 मध्ये ही झीज कशी होते त्याचे चित्र मांडले आणि 2014 मध्ये थरातले उजेड देणाऱ्या रेणूंचे प्रमाण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू बदलत नेऊन निळ्याचे आयुष्य दहापट वाढवून दाखवले. गर्दी एका जागी होऊ दिली नाही, एवढाच त्यामागचा विचार.

कार्यक्षमता आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजून पुष्कळदा बोलले जाते. प्रत्यक्षात ते एकमेकांत पूर्ण गुंतलेले आहेत. पदार्थ जास्त कार्यक्षम असेल तर तेवढ्याच उजेडासाठी कमी वीज लागते, कमी विजेने कमी रेणू तुटतात. उलट उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होऊन थांबत नाही, निम्म्याच्याही बरेच खाली जाते. याच हिशेबावर दुमजली रचना उभी आहे: उजेड देणारे दोन संच एकावर एक रचायचे आणि प्रत्येकाकडून निम्मेच काम घ्यायचे. मे 2024 मध्ये आलेल्या आयपॅड प्रोमध्ये असाच दुमजली पडदा आहे. मे 2025 मध्ये एलजी डिस्प्लेने जाहीर केले, की खालच्या मजल्यावर जुन्या पद्धतीचा निळा आणि वरच्या मजल्यावर इरिडियमच्या वाटेने जाणारा नवा निळा बसवून वीजवापर सुमारे 15 टक्के कमी करता येतो, तोही टिकाऊपणा राखून. या घोषणेचे महत्त्व मोठे आहे. पण नीट पाहिले तर अजूनही जुन्या निळ्याचा हात सुटलेला नाही.

दुसरी वाट जपानमधून आली. 2012 मध्ये क्यूशू विद्यापीठाच्या चिहाया अदाची यांनी महागडा धातू न वापरताही त्या वाया जाणाऱ्या तीन अवस्था परत मिळवता येतात हे दाखवले. खोलीच्या तापमानातली उष्णताच त्यांना वर ढकलते. 2016 मध्ये ताकुजी हाताकेयामा यांनी बोरॉन आणि नायट्रोजन एका ताठ सांगाड्यात गुंफून अतिशय शुद्ध निळा रंग देणारे रेणू बनवले. इरिडियम टाळण्याला खर्चाखेरीज आणखी एक कारण आहे. जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन इरिडियम निघते, तेही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनम काढताना उपउत्पादन म्हणून. जगभरच्या पडद्यांचे भवितव्य एवढ्याशा धातूवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट सारखी खुणावते: पदार्थ पुरवून मोठ्या झालेल्या कंपन्या आल्या कुठून? निळ्या रंगाच्या पदार्थांत अग्रभागी असलेली इदेमित्सू कोसान ही जपानमधली खनिज तेल शुद्ध करणारी कंपनी. जर्मनीतली मर्क ही औषधे आणि रसायने बनवणारी. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल डिस्प्ले कॉर्पोरेशनचे पदार्थ प्रत्यक्षात बनवून देते ती पीपीजी ही रंग बनवणारी कंपनी. युनिव्हर्सल डिस्प्लेचा स्वतःचा पडद्यांचा एकही कारखाना नाही, तरी 2024 मध्ये तिचे उत्पन्न सुमारे 65 कोटी डॉलर होते. पडद्यांचा कारखाना आपल्याकडे नसताना पदार्थ विकणार कोणाला, असा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. या कंपन्यांनी आपल्या देशात पडद्याचा कारखाना उभा राहण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी पडदे बनवणाऱ्या दक्षिण कोरियाला माल विकला.

कारखाना असूनही पदार्थ हाती नसले तर काय होते, हे कोरियानेच अनुभवले. जुलै 2019 मध्ये जपानने तीन पदार्थांच्या निर्यातीवर कोरियासाठी निर्बंध आणले. त्यातला एक होता लवचिक पडद्यांत लागणारा फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड हा प्लॅस्टिकसारखा पदार्थ. जगातले सर्वोत्तम पडदे बनवणारा देश शेजाऱ्याच्या एका सरकारी आदेशाने हादरला, आणि त्यानंतर कोरियन सरकारने पदार्थ, सुटे भाग आणि यंत्रे देशात बनवण्यासाठी मोठा निधी ओतला. कारखान्याचे शटर उघडे ठेवायचे की नाही, हे कच्च्या मालाच्या हातात असते.

आता आपल्याकडे वळू. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले या दोन्हींसाठी मिळून 76,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पडद्याच्या कारखान्याचा निम्मा खर्च सरकार उचलेल अशी त्यात तरतूद होती. सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा 1.54 लाख कोटींचा प्रकल्प, ज्यात पडद्यांचा कारखानाही होता, तळेगावला येता येता गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला हे सगळ्यांना आठवत असेल. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन बाहेर पडली आणि तो प्रकल्प ना इथे झाला ना तिथे. योजनेखाली पहिल्या काही वर्षांत ज्यांना मंजुरी मिळाली ते प्रकल्प चिपचे, त्यांच्या जुळणीचे आणि चाचणीचे. पडद्याचा विषय मागे पडला.

तो पुढे रेटावा असे म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत. एप्रिल 2023 मध्ये सॅमसंग डिस्प्लेने लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आकाराच्या पडद्यांसाठी 4.1 लाख कोटी वॉन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 25,000 कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले. तेही आधीच्या इमारती, यंत्रे, माणसे आणि वर्षानुवर्षांचा अनुभव हाताशी असताना. त्याच वर्षी चीनच्या बीओई या पडदे बनवणाऱ्या कंपनीने चेंगडूत 63 अब्ज युआनचा, म्हणजे 70,000 कोटी रुपयांहून मोठा कारखाना जाहीर केला. या दोघांशी किमतीची स्पर्धा करत आपण पहिल्यांदाच मैदानात उतरायचे, आणि आतला प्रत्येक थर बाहेरून विकत घ्यायचा. अशा कारखान्यात आपले म्हणावे असे काय राहील? जमीन, पाणी, वीज आणि अनुदान.

रसायनांची गोष्ट वेगळी आहे. इथे आपण पोरके नाही. माटुंग्याची आयसीटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था 1933 पासून रंग आणि रसायनांचे अभियंते घडवते आहे. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सेंद्रिय रसायनशास्त्राची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. तारापूर, तळोजे, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ या पट्ट्यांत रंगद्रव्ये, औषधांचे मूळ घटक आणि मधली रसायने, म्हणजे अंतिम पदार्थाच्या आधीच्या टप्प्यावरची रसायने, बनवणारे कारखाने आहेत. ओएलईडीचे रेणू जोडताना ज्या अभिक्रिया लागतात, त्या पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर चालणाऱ्या, कार्बनला कार्बन किंवा कार्बनला नायट्रोजन जोडणाऱ्या अभिक्रिया. औषध कंपन्यांतली आपली मुले त्या रोज करतात. गुजरातकडेही हे बळ आहे, आणि दोन्ही राज्यांनी एकमेकांचे प्रकल्प पळवण्यापेक्षा यात एकत्र यायला हरकत नाही.

कमतरता आहे ती पुढच्या पायरीवर. औषधाच्या शुद्धतेत आणि ओएलईडीच्या शुद्धतेत फरक आहे, आणि तो समजायला संप्लवनाची नळी एकदा जवळून पाहावी. लांबलचक काचेची किंवा क्वार्ट्झची नळी, आत निर्वात, एका टोकाला छोट्या होडीत ठेवलेली पूड. त्या टोकाला तापवतात आणि नळीचे तापमान पुढे पुढे कमी होत जाते. पूड न वितळता, किंवा जेमतेम वितळून, वाफ होते आणि ज्याला जिथले तापमान मानवेल तिथे जाऊन भिंतीवर बसते. थोड्या तासांत नळीत रंगीत कडी दिसू लागतात: हवी ती स्वच्छ, चमकदार पिवळी किंवा पांढरी मधली पट्टी, तिच्या पुढे थंड टोकाकडे पळालेल्या हलक्या अशुद्धी, आणि मागे होडीत उरलेला करपलेला काळा गाळ. मधली पट्टी खरवडून काढतात आणि पुन्हा हेच करतात. ब्रोमिन किंवा क्लोरिनचे दशलक्षात काही भागही मागे राहिले तर पडद्याचे आयुष्य घटते. साधी वस्तू वाटते, पण किलोच्या मापात, प्रत्येक खेपेला तीच शुद्धता देणारी संप्लवनाची व्यवस्था उभी करणे हे या धंद्यातले खरे कौशल्य आहे. ते शिकलेली माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. छोट्या कारखानदाराला ते एकट्याने परवडणार नाही, आणि म्हणूनच तिथे सरकारचा पैसा योग्य ठरतो.

महाराष्ट्राकडे आणखी एक गोष्ट आहे जी जगात मोजक्या ठिकाणी आहे. साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचे जड भावंड ड्युटेरियम बसवले, तर रेणूचा बंध तुटायला जरा जास्त जोर लागतो. रंग तोच, रचना तीच, पण झीज कमी. एलजी डिस्प्लेने डिसेंबर 2021 मध्ये जाहीर केलेल्या टीव्हीच्या पडद्यांत ड्युटेरियमयुक्त पदार्थ वापरले आणि 30 टक्क्यांपर्यंत जास्त उजेड मिळत असल्याचे सांगितले. निळ्याच्या टिकाऊपणासाठी आज सर्वांत व्यवहार्य उपायांत याची गणना होते. हे ड्युटेरियम येते जड पाण्यातून. निसर्गात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो, त्यामुळे ते वेगळे काढणे किचकट आणि खर्चिक आहे. भारत ते काम अणुभट्ट्यांसाठी कित्येक दशके करतो आहे आणि दक्षिण कोरियासह काही देशांना जड पाणी निर्यातही करत आला आहे. त्यातला एक प्रकल्प रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला, आरसीएफच्या खत कारखान्याच्या शेजारी आहे. अमोनियासाठी लागणाऱ्या वायूतून तिथे ड्युटेरियम वेगळा काढतात. पाताळगंगा आणि तळोजेही याच जिल्ह्यात आहेत. जड पाणी बाहेर पाठवायचे आणि त्यापासून बनलेला, कितीतरी पट महाग पदार्थ असलेला पडदा परत विकत घ्यायचा, हे मला पटत नाही. मधल्या पायऱ्या इथे का होऊ नयेत?

याला तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला पेटंटांचा. हे क्षेत्र पेटंटांनी घट्ट वेढलेले आहे हे खरे. 2023 मध्ये युनिव्हर्सल डिस्प्लेने मर्ककडची साडेपाचशेहून जास्त ओएलईडी पेटंटे विकत घेतली, यावरून त्यांची किंमत कळते. पण पेटंटाचे आयुष्य वीस वर्षांचे, आणि 1990च्या दशकातल्या मूळ शोधांचा तो काळ उलटून गेला आहे. शिवाय सुरुवात उजेड देणाऱ्या रेणूपासूनच करायला हवी असे नाही. एका पडद्यात भार वाहून नेणारे, भार अडवणारे, उजेडाच्या रेणूंना सामावून घेणारे यजमान असे कितीतरी पदार्थ असतात. त्यांची मधली रसायने बनवत चिनी कंपन्या या धंद्यात शिरल्या आणि पुढे स्वतःच्या रेणूंपर्यंत पोचल्या. औषधांच्या बाबतीत आपणही हाच रस्ता चाललो आहोत.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पडद्याचा कारखाना हजारो हातांना काम देईल, रेणूंचा कारखाना शेकड्यांनाच देईल. हे मान्य करायला हवे. पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आज काय मिळते ते पाहा. बहुतेकांच्या वाट्याला तीच ती नमुने तपासण्याची कंत्राटी नोकरी येते. त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम निर्माण करणे हाही रोजगाराचाच प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही आकडेवारीत ठळकपणे येत नाही म्हणून कमी महत्त्वाचा ठरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, तो म्हणजे प्रदूषणाचा आणि सुरक्षेचा. मे 2024 मध्ये डोंबिवली एमआयडीसीत झालेल्या स्फोटात माणसे गेली. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी यांच्या काठच्या लोकांना रासायनिक कारखान्यांचा अनुभव काय आहे, हे त्यांना विचारावे. रसायनशास्त्राची थोरवी सांगताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाताकेयामांच्या बोरॉनच्या निळ्या रेणूवर ज्या जेएनसी कंपनीने काम केले, ती जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत पारा सोडून लोकांना विषबाधा करणाऱ्या चिस्सो कंपनीचीच पुढची पिढी आहे. एका उद्योगाच्या इतिहासात विष आणि उजेड दोन्ही असू शकतात. ओएलईडीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: एका फोनच्या पडद्यात या पदार्थांचे वजन मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतके असते. माल थोडा, किंमत प्रचंड. पण प्रत्येक ग्रॅम बनवताना लागणारे द्रावक त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून द्रावकांचा पूर्ण पुनर्वापर आणि सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट पहिल्या दिवसापासून हवी. ज्या मालाला इतका भाव आहे, त्याला ती अट परवडत नाही असे कोणी म्हणू लागले तर त्याला जमीन देऊ नये.

नेमके काय करावे? माझ्या मते पुणे किंवा नवी मुंबईत एक सामायिक केंद्र हवे. तिथे संप्लवनाच्या मोठ्या नळ्या असाव्यात, निर्वातात थर चढवणारी यंत्रे असावीत आणि टिकाऊपणा मोजणारी, महिनोन्‌महिने अखंड चालणारी चाचणीची टेबले असावीत. कुठल्याही छोट्या कारखानदाराने आपला पाव किलो पदार्थ आणावा, शुद्ध करून घ्यावा, त्याचा छोटा दिवा बनवून घ्यावा आणि तो किती तासांत किती मंदावतो याचा विश्वासार्ह दाखला घेऊन जावा. कोरियातला खरेदीदार त्या दाखल्याशिवाय दारात उभे करत नाही. आणि ही चाचणी आपल्या हवामानात व्हावी. 25 अंशांवरच्या आकड्यांचा नागपूरच्या मे महिन्याशी संबंध नाही. आर्द्रतेचेही तेच: सेंद्रिय थरांना पाण्याची वाफ इतकी घातक असते, की चौरस मीटरमागे दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त वाफ आत शिरू नये असे आवरण त्यांना लागते. जुलैतल्या कोकणात ते आवरण कसे टिकते ते आपणच तपासायला हवे.

या केंद्राचा आणखी एक उपयोग ग्राहकाला होईल. टीव्ही घेताना ताऱ्यांच्या लेबलवरून वीज किती लागेल ते कळते, पण पाच वर्षांनी त्याचा उजेड किती उरेल हे कुठेच लिहिलेले नसते. युरोपीय संघाने जून 2025 पासून फोनच्या लेबलवर बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावर टिकते, फोन पडल्यावर तग धरतो का, दुरुस्त होतो का हे लिहायला लावले. पडद्याच्या उजेडाची घट त्या लेबलवर नाही. भारताने ती आपल्या लेबलवर आणली तर टिकाऊ पदार्थांना बाजारातून मागणी येईल, आणि मागणी आली की संशोधनाला पैसा आपोआप मिळू लागतो.

निळ्या रेणूच्या मूळ संशोधनाला मात्र बाजाराच्या भरवशावर सोडता येणार नाही. अदाची यांचा 2012 चा शोध जपान सरकारने 2009 मध्ये निवडक तीस संशोधकांना दिलेल्या मोठ्या निधीच्या काळातला आहे. आपल्याकडे तीन वर्षांचा प्रकल्प, त्यातले पहिले वर्ष पैसे हातात पडण्यात आणि शेवटचे अहवाल लिहिण्यात जाते. मधल्या काळात ज्या विद्यार्थ्याने हात बसवला, तो प्रकल्प संपताच परदेशी जातो. निळ्यावर काम करायचे असेल तर निवडक तीन-चार गटांना सलग दहा वर्षे आधार द्यावा आणि दरवर्षी शोधनिबंध मोजत बसू नये.

आज हा विषय तीन खात्यांत विखुरला आहे. थळचे जड पाणी अणुऊर्जा विभागाकडे, रसायनांचे कारखाने रसायन आणि खत मंत्रालयाकडे, पडदे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे. तिघांच्या फायली दिल्लीत एकत्र येण्याची वाट पाहण्यापेक्षा महाराष्ट्र सरकारनेच पुढे व्हावे. हेवी वॉटर बोर्डाचे मुख्यालय अणुशक्तीनगरला आहे, आयसीटी माटुंग्याला, एनसीएल पाषाणला. ड्युटेरियमयुक्त मधली रसायने बनवायला तयार असलेल्या कारखानदारांना या तिघांसमोर बसवावे, आणि पहिला प्रश्न साधा ठेवावा: अणुभट्टीची गरज भागवून वर्षाला किती जड पाणी या कामाला देता येईल, आणि किलोमागे काय भावाने?